जुन्या किल्ल्याच्या सावलीतले प्राणिजग

दिल्ली पाहायला आलेल्या कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, इंडिया गेट आणि मग जनपथावर किंवा करोलबागेत खरेदी. त्यातून एखादा दिवस उरला आणि बरोबर बच्चेकंपनी असली, तर मथुरा रोडवरच्या ‘चिडियाघरा’ची आठवण होते. मुलांना वाघ दाखवायचा, माकडांच्या गमती पाहायच्या, झाडाखाली बसून घटकाभर विसावायचे आणि परतायचे, एवढीच बहुतेकांची अपेक्षा असते. पण जरा थांबून, पाट्या वाचत आणि मान वर करून फिरणाऱ्याला येथे आणखी बरेच काही सापडते. प्राणिसंग्रहालय नेमके कशासाठी असते, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाची तीन-चार वेगवेगळी उत्तरे या एकाच आवारात नांदत आहेत. काही उत्तरे सुखावणारी आहेत, तर काही अस्वस्थ करणारी.

राष्ट्रीय प्राणिउद्यान हे या जागेचे अधिकृत नाव. पुराना किल्ल्याच्या भिंतीला लागूनच ते पसरले आहे. आवार सुमारे १७६ एकरांचे. फाटकातून आत शिरताच शहराचा गोंगाट मागे पडतो. रुंद रस्ते, जुनी झाडे, मधूनमधून तळी आणि झाडांच्या शेंड्यांवरून डोकावणारी किल्ल्याची दगडी तटबंदी असे हे दृश्य दुसऱ्या कोणत्या प्राणिसंग्रहालयात क्वचितच पाहायला मिळेल. आवारातच एक ‘कोस मिनार’ उभा आहे. जुन्या काळी राजमार्गावर वाटसरूंना अंतर कळावे म्हणून कोसाकोसावर असे मनोरे बांधले जात. ज्या वाटेने कधी काळी उंट आणि घोडे दमून जात असतील, त्या वाटेवर आज शाळेच्या सहली रांगेने चालतात.

एका वैदर्भीयाच्या हस्ते उद्‌घाटन

कोलकात्याचे अलीपूर, मुंबईची राणीची बाग, म्हैसूर, चेन्नई येथील प्राणिसंग्रहालये एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. राजधानी दिल्लीला मात्र असे संग्रहालय नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये वन्यजीवांविषयीच्या राष्ट्रीय मंडळाने ही उणीव भरून काढण्याची शिफारस केली आणि पुराना किल्ल्याजवळची जागा निवडण्यात आली. आराखड्यासाठी आधी श्रीलंकेतील (तेव्हाच्या सिलोनमधील) प्राणिसंग्रहालयाचे मेजर वाइनमन यांची मदत घेतली गेली. नंतर जर्मनीतील हँबर्गचे कार्ल हाइनरिख हागेनबेक यांनी योजना आखून दिली. १ नोव्हेंबर १९५९ रोजी उद्यान लोकांसाठी खुले झाले. उद्‌घाटन केले तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांनी. विदर्भात शिक्षणाची गंगा खेड्यापाड्यांपर्यंत नेणाऱ्या भाऊसाहेबांचे नाव दिल्लीच्या वाघ-सिंहांशीही जोडलेले आहे, हे मराठी पर्यटकांना सहसा ठाऊक नसते. १९८२ मध्ये या उद्यानाला ‘राष्ट्रीय’ हे बिरुद मिळाले.

हागेनबेक हे नाव प्राणिसंग्रहालयांच्या जगात मोठे आहे. पूर्वी प्राणी म्हटला की पिंजरा आणि पिंजरा म्हटला की लोखंडी गज, असे समीकरण होते. या घराण्यातील कार्ल हागेनबेक यांनी १९०७ साली हँबर्गजवळ जे उद्यान उघडले, तेथे त्यांनी गजांना फाटा दिला. प्राणी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये खोल खंदक, पलीकडे मोकळे मैदान, खडक, झाडे आणि पाणी अशी ती रचना होती. पुढे त्यांच्या नातवाने दिल्लीसाठी आराखडा केला, तोही याच धर्तीवर. त्यामुळे येथे सिंह, गेंडा किंवा हरणांचे कळप पाहताना मधे जाळी येत नाही.

अर्थात खंदक हा कुंपणाइतकाच गंभीरपणे घ्यायचा असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला आणि प्राणास मुकला. काठावरच्या लोकांनी आरडाओरडा केला, दगड भिरकावले, पण त्याचा उपयोग झाला नाही. वाघाला त्यासाठी दोष देता येत नाही. मुलाला नीट दिसावे म्हणून त्याला कठड्यावर उभे करणाऱ्या आईवडिलांनी तो प्रसंग जरूर आठवावा.

पांढऱ्या वाघाभोवतीची गर्दी

या उद्यानात सर्वांत जास्त गर्दी कुठे असते, हे सांगायला नकाशा लागत नाही. पांढरा वाघ! मोबाइल उंचावलेले, लहानगी वडिलांच्या खांद्यावर, आणि ‘तो बघ, तो बघ’ असा गलका. निळसर डोळ्यांचा, दुधी अंगावर गडद पट्टे असलेला हा वाघ खरोखरच देखणा दिसतो.

त्याची कुळकथा सुरू होते मध्य प्रदेशातील रेवा संस्थानात. मे १९५१ मध्ये महाराजा मार्तंडसिंह यांच्या शिकारीत एक वाघीण आणि तिचे बछडे मारले गेले. मागे उरला एक पांढरा बछडा. त्याला जिवंत पकडून गोविंदगडच्या राजवाड्यात ठेवले आणि ‘मोहन’ असे नाव दिले. मोहनची जोडी नेहमीच्या रंगाच्या वाघिणीशी जमवली गेली, पण एकही पिल्लू पांढरे निपजले नाही. मग त्याच्याच मुलीशी, राधेशी, त्याचा जोडा लावला. ऑक्टोबर १९५८ मध्ये राधेला चार पांढरी पिल्ले झाली. त्यांतली मोहिनी १९६० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला गेली. राजा आणि राणी ही भावंडे १९६३ मध्ये दिल्लीच्या या उद्यानात आली आणि पाहता पाहता शहराची लाडकी झाली.

गर्दीतल्या फारच थोड्यांना माहीत असते, की पांढरा वाघ ही वाघाची निराळी जात नाही. एका विशिष्ट जनुकामुळे त्याच्या अंगचा पिवळा रंग उतरलेला असतो. हे जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही आले तरच पिल्लू पांढरे होते. असा योग जंगलात फार दुर्मीळ. म्हणून पांढऱ्या वाघांची संख्या वाढवायची, तर जवळच्या नात्यातच जोड्या लावाव्या लागल्या. सोयरीक जुळवताना आपल्याकडे गोत्र पाहण्याचा रिवाज आहे. येथे त्याच्या नेमके उलटे झाले. परिणाम व्हायचा तोच झाला. तिरळे डोळे, शारीरिक व्यंगे, दुबळी पिल्ले अशा तक्रारी जगभरच्या पांढऱ्या वाघांत आढळल्या.

म्हणजे प्रेक्षकांना सर्वांत प्रिय असलेला प्राणी संवर्धनाच्या दृष्टीने मात्र फारसा कामाचा नाही. जंगलात वाघ वाचवायचा तर तो पिवळाच वाचवायला हवा. पांढऱ्या वाघामुळे हजारो मुलांना वाघ या प्राण्याविषयी ओढ वाटली, हे त्याचे ऋण मान्य करावे. पण केवळ नवलाईसाठी एखादा प्राणी वाढवणे आणि त्याची जात वाचवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर येथून थोडे पुढे चालत जायला हवे.

मागे वळून पाहणारे हरीण

हरणांच्या आवारांपाशी लोक फार वेळ थांबत नाहीत. ‘हरीणच ते!’ म्हणून पुढे सरकतात. त्यांतल्याच एका आवाराच्या पाटीवर नाव असते ‘सांगाई’. मणिपूरचे हे राज्यप्राणी. नराच्या कपाळापासून पुढे आलेली शिंगाची फांदी आणि मागे गेलेले मुख्य शिंग मिळून धनुष्यासारखी एकच सलग कमान तयार होते. मणिपुरी भाषेत ‘सांगाई’ म्हणजे वाट पाहणारा प्राणी. पळता पळता मध्येच थबकून मागे वळून पाहण्याची त्याला सवय असते, म्हणून हे नाव.

सांगाईचे घर जगावेगळे आहे. मणिपूरच्या लोकताक सरोवरात कुजलेल्या वनस्पती, मुळे आणि माती यांचे जाड थर पाण्यावर तरंगत असतात. त्यांना ‘फुमदी’ म्हणतात. या तरंगत्या कुरणावर सांगाई राहते, चरते, पिल्ले वाढवते. पायाखालची जमीन दबत असल्याने ती ज्या लयीत पावले टाकते, त्यावरून तिला ‘नाचणारे हरीण’ असेही म्हणतात. हे सारे जगात फक्त एकाच ठिकाणी, केइबुल लामजाओ येथे, तेही सुमारे ४० चौरस किलोमीटरच्या टापूत.

१९५१ मध्ये सांगाई नामशेष झाल्याचे मानले गेले होते. दोनच वर्षांनी निसर्गप्रेमी ई. पी. गी यांना ती पुन्हा आढळली. तरीही शिकार आणि आक्रसणारे कुरण यांमुळे संख्या घटतच गेली. १९७५ मध्ये आकाशातून पाहणी केली तेव्हा किती हरणे दिसली? अवघी चौदा! एखादी साथ, एखादा वणवा आला असता, तर ही जात पृथ्वीवरून कायमची पुसली गेली असती.

दिल्लीच्या उद्यानाचे मोल येथे कळते. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगाई दिल्लीत आणल्या गेल्या होत्या. त्यांची वीण येथे चांगली झाली, कळप वाढला आणि त्यांतली हरणे देशातल्या इतर प्राणिसंग्रहालयांकडे पाठवण्यात आली. लोकताकवर चौदा उरल्या, तेव्हा हजारो किलोमीटर दूर, पुराना किल्ल्याच्या भिंतीआड, त्यांचे भाऊबंद सुरक्षित होते. घरातला ऐवज एकाच कपाटात न ठेवता थोडा दुसरीकडेही ठेवावा, तसाच हा व्यवहार. मणिपूरमध्येही पुढे कडक संरक्षण मिळाले. केइबुल लामजाओ १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१६ च्या गणनेत सांगाईंची संख्या २६० पर्यंत पोहोचल्याचे दिसून आले.

गोष्ट येथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण तसे नाही. लोकताकजवळ १९८३ मध्ये इथाई बंधारा झाला आणि सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरे, फुमदी तळाला टेके आणि तिच्यावरच्या वनस्पती गाळातून पोषण घेत. आता ती बारमाही तरंगत राहते आणि पातळ होत चालली आहे. पातळ फुमदीला हरणाचे वजन पेलत नाही. दिल्लीत सांगाईची शंभर पिल्ले जन्मली, तरी त्यांना परत न्यायला घरच उरले नाही तर काय उपयोग? शिवाय प्राणिसंग्रहालयांतील कळप थोड्याच पूर्वजांपासून वाढलेले असतात. पांढऱ्या वाघाचे झाले तसे होऊ नये म्हणून वंशावळीच्या नोंदी ठेवणे, निरनिराळ्या उद्यानांत प्राण्यांची अदलाबदल करणे, ही कामे सतत करावी लागतात. पर्यटकाला ती दिसत नाहीत. पण प्राणिसंग्रहालयाचे खरे मोल या न दिसणाऱ्या कामातच असते.

न बोलावता येणारे पाहुणे

या उद्यानातले सर्वांत सुंदर दृश्य मात्र कोणत्याही पिंजऱ्यात नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून तळ्यांमधल्या बेटांवर मोठमोठे पक्षी उतरू लागतात. पिवळी, टोकाशी किंचित वाकलेली लांब चोच, नारिंगी चेहरा, पांढऱ्या अंगावर काळी नक्षी आणि शेपटीजवळ गुलाबी रंगाची झाक. हे चित्रबलाक. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला पक्षी पाहायला जाणाऱ्यांची त्यांच्याशी ओळख असेलच.

दिल्लीतले हे चित्रबलाक पूर्णपणे रानटी आहेत. त्यांना कोणी पकडून आणलेले नाही. उद्यान सुरू झाल्यावर लगेचच, १९६० च्या सुमारास, ते आपणहून येथे घरटी करू लागले आणि तेव्हापासून दरवर्षी येत आहेत. पाण्याने वेढलेली झाडे, त्रास न देणारी माणसे आणि जवळच यमुनेचा परिसर, एवढे त्यांना पुरेसे झाले. पावसाळ्यानंतर मासे मुबलक असतात, म्हणून विणीचा हंगामही तेव्हाच. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून ते ती इकडून तिकडे फिरवतात आणि मासा चोचीला लागताच झटक्यात मिटतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. अब्दुल जमील उर्फी यांनी या वसाहतीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे.

हिवाळ्याच्या तोंडाशी गेलात तर एकेका झाडावर कितीतरी घरटी दिसतात. मळकट रंगाची पिल्ले खाऊसाठी कालवा करतात, मोठे पक्षी पंख पसरून त्यांच्यावर सावली धरतात आणि गवताची काडी चोचीत धरून कोणी घर डागडुजीला लागलेले असते. मार्च-एप्रिलपर्यंत पिल्ले उडती होतात आणि झाडे पुन्हा मोकळी पडतात.

गंमत अशी, की आतले प्राणी पाहायला तिकीट काढून येणारा माणूस बहुधा वर पाहतच नाही. ज्या पक्ष्याला कुठेही उडून जायची मोकळीक आहे, तो सहा दशके याच जागेवर विश्वास टाकतो आहे. एखाद्या प्राणिसंग्रहालयाला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते? मात्र हा विश्वास नाजूक आहे. यमुनेकाठच्या पाणथळ जागा आटल्या किंवा मासे संपले, तर ही झाडे रिकामी राहतील. २०१६ आणि २०२५ या दोन्ही वर्षी पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला आणि उद्यान दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. मोकळे पक्षी आणि बंदिस्त प्राणी एकाच पाण्याच्या आधाराने राहतात, तेव्हा संकटही सामायिक असते.

एकट्या शंकरची कहाणी

सारेच काही गोड नाही, हे सांगायला शंकरची आठवण पुरे. १९९८ मध्ये झिंबाब्वेकडून भेट म्हणून आफ्रिकी हत्तींची एक जोडी दिल्लीला आली. नर शंकर आणि त्याची जोडीदारीण बंबई. काही वर्षांतच बंबई वारली. त्यानंतर शंकर आपल्या जातीचा एकटाच उरला. हत्ती हा कुटुंबवत्सल प्राणी. कळपात वाढणारा, सोंडेने एकमेकांची विचारपूस करणारा. शंकरची वर्षांमागून वर्षे एकाकीपणात गेली. त्याच्या पायातील साखळदंडावरून देशाबाहेरही टीका झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने दिल्लीच्या उद्यानाचे सदस्यत्व स्थगित केले. त्यानंतर साखळ्या काढल्या गेल्या, हालचालीही सुरू झाल्या, पण सोबत काही मिळाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये शंकर गेला. त्याचे वय तेव्हा होते अवघे २९ वर्षे.

एका देशाने दुसऱ्या देशाला प्राणी भेट द्यावा, ही जुनी रीत. त्यामागे स्नेह असतो, पण ती भेट खुद्द प्राण्याला काय पडते, हे कोणी विचारत नाही. आता काळ बदलतो आहे. १९९२ पासून देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे आणि त्याच्या मान्यतेविना कोणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. जागा किती हवी, आहार कसा हवा, प्राणी एकटा ठेवावा की नाही, याचे दंडक आहेत. दंडक पाळले जातात की नाही, हे पाहणारे डोळे मात्र नागरिकांचेही असावे लागतात. शंकरसाठी आवाज उठवणाऱ्यांमध्ये तरुण मुलेमुली होती, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

सहकुटुंब जाताना

हे उद्यान दर शुक्रवारी बंद असते, तेव्हा दिल्लीतला कार्यक्रम आखताना तेवढे ध्यानात ठेवावे. जाण्यासाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. चित्रबलाकांची घरटी पाहायची असतील तर दिवाळीच्या आसपासचे दिवस साधावेत. सकाळी लवकर गेल्यास प्राणी हिंडते-फिरते दिसतात. दुपारी बहुतेक जण सावलीत झोपलेले असतात. चालणे बरेच होते, म्हणून वयस्कर मंडळींसाठी बॅटरीवरच्या गाडीची चौकशी करावी. एखादी दुर्बीण बरोबर असल्यास दुधात साखर. लागूनच पुराना किल्ला असल्याने दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात पाहून होतात.

प्राण्यांना खायला घालू नये, खडे मारू नयेत, हाका मारून झोपमोड करू नये, हे पाटीवर लिहिलेले असतेच. प्राण्यांना त्रास देणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण पाटीपेक्षा आईवडिलांच्या वागण्याचा परिणाम मुलांवर अधिक होतो. बाबांनीच शेंगदाणे फेकले, तर मुलगा दुसरे काय शिकणार?

आणि एक करावे. पांढऱ्या वाघाकडे जरूर जावे, त्याचे रूप डोळे भरून पाहावे. मग मुलांचा हात धरून सांगाईच्या आवारापाशी पाच मिनिटे शांत उभे राहावे. एकदा रानात या हरणाची संख्या चौदावर आली होती, एवढेच त्यांना सांगावे. ‘मग आता कुठे राहतात ती?’ असे एखादे मूल विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर लोकताकच्या तरंगत्या कुरणापर्यंत जाते, आणि तेथून आपल्या गावच्या तळ्यापर्यंत परत येते. कुंपणाआडचे हरीण तेव्हा कदाचित मान वळवून मागे पाहील. वाट पाहणे हा तर त्याच्या नावाचाच अर्थ आहे.